गॅलन गेला, लिटर आला

पेट्रोलच्या पंपावर एखादी मोटार येऊन उभी राहते. नळी टाकीत सोडली जाते आणि पंपाच्या तोंडावरील आकडे भराभर पुढे सरकू लागतात. एका ओळीत किती लिटर पेट्रोल गेले ते दिसते, दुसऱ्या ओळीत त्याचे किती रुपये झाले ते दिसते. गिऱ्हाईक ते आकडे पाहते, पैसे देते आणि निघून जाते. भाजीवाल्याची तागडी डोळ्यांसमोर खालीवर होते. टाकीत पडलेले पेट्रोल मात्र कोणाला दिसत नाही. सारी भिस्त त्या दोन ओळींवर. म्हणूनच त्या ओळींतील माप बदलणे ही साधी गोष्ट नव्हे. आपल्या देशात ते माप एकदा बदलले आहे.

विसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत भारतात पेट्रोल गॅलनाने विकले जाई. त्या वेळी मोटारी थोड्या होत्या. परंतु गॅलनाची ओळख गरिबांच्या घरांनाही होती, ती घासलेटमुळे. घासलेट ज्या चौकोनी पत्र्याच्या डब्यातून येई, तो चार गॅलनांचा, म्हणजे सुमारे १८ लिटरांचा डबा म्हणून ओळखला जाई. तेल संपले की त्याच डब्यात पाणी भरावे, धान्य ठेवावे. आणि तोही फुटला की त्याचा पत्रा उलगडून छपरावर घालावा, अशी रीत होती.

गॅलन हे इंग्रजांचे माप. इंग्लंडमध्ये १८२४ साली झालेल्या कायद्याने, दहा पौंड वजनाचे पाणी जेवढी जागा व्यापते तेवढा एक गॅलन, असे ठरले. हा गॅलन सुमारे ४.५४६ लिटरांचा होतो. परंतु अमेरिकेने त्यापूर्वीचा, दारू मोजण्याचा जुना इंग्रजी गॅलन चालू ठेवला. तो २३१ घन इंचांचा, म्हणजे सुमारे ३.७८५ लिटरांचा आहे. नाव एकच, पण अमेरिकेचा गॅलन इंग्लंडच्या गॅलनाहून सुमारे एक षष्ठांशाने लहान! लिटराचे तसे नाही. ज्या पेटीची लांबी, रुंदी व उंची प्रत्येकी १० सेंटिमीटर आहे, तीत मावेल तेवढा एक लिटर. मग ती पेटी पुण्यात असो की पॅरिसमध्ये.

जुन्या मापांनी हिशेब करणे किती जिकिरीचे होते, हे एका उदाहरणाने कळेल. एका गॅलनाचे ८ पिंट, एका रुपयाचे १६ आणे आणि एका आण्याच्या १२ पै. समजा, पेट्रोलचा दर गॅलनाला २ रुपये १२ आणे आहे आणि एका गिऱ्हाइकाने ३ गॅलन ५ पिंट पेट्रोल घेतले. त्याने किती पैसे द्यावे? उत्तर ९ रुपये १५ आणे ६ पै असे येते. परंतु ते काढताना एकदा आठाने, एकदा सोळाने व एकदा बाराने झगडावे लागते. दशमान पद्धतीत हाच हिशेब एका गुणाकाराने संपतो.

ही अडचण केवळ पेट्रोलची नव्हती. शेर, मण, तोळा ही मापे निरनिराळ्या प्रांतांत निरनिराळी होती. म्हणून भारताच्या संसदेने १९५६ साली वजनमापांचा कायदा केला आणि सर्व देशासाठी मीटर, किलोग्रॅम ही परिमाणे स्वीकारली. १ एप्रिल १९५७ रोजी रुपयाचे १०० नवे पैसे झाले. ऑक्टोबर १९५८ पासून काही निवडक भागांत व धंद्यांत नवी वजने चालू झाली. काही काळ जुनी व नवी मापे शेजारी शेजारी नांदली आणि मग जुनी बाद झाली. त्याच लाटेत गॅलन गेला व लिटर आला. आधी नाणे आणि मागाहून माप, हा क्रम शहाणपणाचाच म्हटला पाहिजे. कारण दर पैशांत आणि माप पिंटांत राहिले असते, तर निम्मी कटकट शिल्लकच राहिली असती.

पाटीवर ‘गॅलन’ पुसून ‘लिटर’ लिहिले म्हणजे मात्र पंप बदलत नाही. सर्वांत जुन्या तऱ्हेच्या पंपांवर एक उंच काचेचे नळकांडे असे. हाताने दांडा मारून पेट्रोल त्यात वर चढवीत. काचेवर गॅलनांच्या खुणा असत आणि गिऱ्हाइकाच्या डोळ्यांदेखत ते पेट्रोल नळीने खाली सोडीत. पुढे विजेचे पंप आले व माप पंपाच्या पोटात गेले. तेथे ठरावीक आकाराच्या पोकळ्या असून त्यांत दट्टे मागेपुढे होतात. पेट्रोल एका पोकळीत भरते, दुसरीतून बाहेर पडते, आणि दर वेळी एक आस ठरावीक मात्रेने फिरतो. तो आस दातेरी चाकांच्या साह्याने आकड्यांची चक्रे फिरवितो. मापाची ओळ अशी चालते. रकमेची ओळही त्याच आसाने चालते. परंतु मधल्या दातेरी चाकांचे प्रमाण दराप्रमाणे बदलता येते. दर चढला की ही चाके बदलून बसवायची, म्हणजे रकमेचे आकडे अधिक वेगाने धावतात. यंत्र गुणाकार करते तो असा!

आता लिटर आणायचा, तर मापाची चक्रे पूर्वीच्या ४.५४६ पट वेगाने फिरली पाहिजेत. त्यासाठी आस व चक्रे यांच्यामधील दातेरी चाके काढून वेगळ्या दात्यांची चाके बसवावी लागतात, नवा दर लावावा लागतो, आणि मग पेट्रोल प्रत्यक्ष मोजून पंप खरा आहे की नाही हे ताडून पाहावे लागते.

एवढ्याने भागत नाही. गॅलनाचा दर ३ रुपये धरला, तर लिटराचा दर ६५.९९ पैसे येतो. दुकानदाराने तो ६६ पैसे केला, तर कोणाचे नुकसान नाही. परंतु कोणी तो हळूच ६७ पैसे केला तर? गॅलनामागे सुमारे साडेचार पैसे अधिक घेतले जातील. गिऱ्हाइकाला ते कळणारही नाही. पण हजार गॅलन विकेपर्यंत दुकानदाराच्या गल्ल्यात सुमारे ४५ रुपये फुकट जमा होतील. माप बदलताना लोकांच्या मनात शंका येते, ती अगदीच वेडगळ नसते.

अमेरिकेत हा अनुभव फार ठळकपणे आला. तेथे १९७५ साली मेट्रिक पद्धतीचा कायदा झाला. पण तिचा स्वीकार करणे हे ज्याच्या त्याच्या मर्जीवर सोडले होते. १९७९ साली इराणमधील क्रांतीनंतर तेलाचा पुरवठा कमी झाला, पेट्रोल महागले आणि गॅलनाचा दर एक डॉलरवर गेला. तेथील बहुतेक जुन्या पंपांवर फार तर ९९.९ सेंटांपर्यंतच दर लावता येई. एक डॉलर लावायला यंत्रात जागाच नव्हती! मग काही दुकानदारांनी अर्ध्या गॅलनाचा दर लावला व येणारी रक्कम ते दुप्पट करून घेऊ लागले. काहींनी सरळ लिटराची चाके बसविली.

पण शेजारचा पंप तसाच गॅलनाचा राहिला. एका पाटीवर लिटराला २९ सेंट आणि दुसऱ्या पाटीवर गॅलनाला १ डॉलर ८ सेंट असे लिहिले असेल, तर स्वस्त कोणते? ३.७८५ ने गुणल्यावर पहिल्याचा दर गॅलनाला जवळजवळ १ डॉलर १० सेंट निघतो. म्हणजे दुसरे पेट्रोल स्वस्त. चालत्या मोटारीतून हा गुणाकार कोण करणार? लहान आकडा पुढे करून आपल्याला फसवितात, असे गिऱ्हाइकांना वाटू लागले. पुढे मोठे आकडे दाखविणारे नवे पंप आले आणि लिटर मागे हटला. अमेरिकेत पेट्रोल आजही गॅलनानेच विकले जाते. लिटराचा तेथे काही दोष नव्हता. सर्वांनी एका वेळी बदल केला नाही, एवढेच.

आकड्यांची ही अडचण पुढे भारतातही दिसली. २०२१ च्या आरंभी खास प्रतीच्या पेट्रोलचा दर लिटराला १०० रुपयांवर गेला, तेव्हा मध्य प्रदेशातील काही जुन्या पंपांना रुपयांचे तीन आकडे दाखविता येईनात व तेथे त्या पेट्रोलची विक्री काही काळ थांबली.

इंग्लंडमध्ये १९९५ सालापासून पेट्रोल लिटरानेच विकणे बंधनकारक झाले. तरीही रस्त्यावरचे दगड व पाट्या मैलांच्याच राहिल्या, आणि ‘एका गॅलनात किती मैल’ ही भाषा गेली नाही. भारतीयांनी इंग्रजांना हसण्याचे कारण नाही. येथे दगड किलोमीटरचे झाले, पेट्रोल लिटराचे झाले. तरी गाडी एका लिटरात किती किलोमीटर जाते, या प्रश्नाला येथे सर्वांच्या तोंडी शब्द आहे ‘मायलेज’. मैल असा शब्दात लपून राहिला आहे.

पंपावरील आकड्यांविषयी शंका आलीच, तर ती फेडण्याची सोय आहे. भारतातील प्रत्येक पेट्रोलपंपावर पाच लिटरांचे एक धातूचे माप ठेवलेले असते. वजनमापे खात्याकडून ते तपासून त्यावर शिक्का मारलेला असतो. त्याची मान अरुंद असते. कारण अरुंद मानेत थोडेसे पेट्रोल कमी पडले, तरी पातळी चांगलीच खाली दिसते. कोणत्याही गिऱ्हाइकाने मागणी केली, तर पंपावरील माणसाने आकडे पाच लिटरांवर येईपर्यंत त्या मापात पेट्रोल सोडावे आणि ते खुणेपर्यंत येते की नाही, हे त्याच्या समोर दाखवावे, असा नियम आहे.