उंच गव्हाचा आतला गुण

उन्हाळ्यात वर्षाचा गहू भरायची वेळ आली की पुण्या-मुंबईचं गिऱ्हाईक दुकानात आधी ‘सिहोर’ची चौकशी करतं. भोपाळहून इंदूरच्या रस्त्याला लागलं की पस्तीस-चाळीस किलोमीटरवर हे सिहोर लागतं. तिथल्या काळ्या जमिनीत मुरलेल्या ओलीवर पिकणारा शरबती म्हणजे मुख्यतः सी ३०६, १९६०च्या दशकातला वाण. दाणा टपोरा, सोनेरी, चकचकीत, पोळी मऊ. भौगोलिक मानांकनही मिळालेलं. भाव चढा असतो आणि तो असावाच लागतो, कारण एकरी उतारा कमी. ताट उंच, पाणी आणि युरिया वाढवला की पीक लोळतं.

तरीही हरितक्रांतीच्या बुटक्या वाणांपुढे तो टिकला. भावाखेरीज त्याचं कारण असं, की पाण्याचा ताण पडला तरी हा गडी ओंबी भरतो. हा गुण नेमका कुठे दडलाय, हे शेतात उभं राहून कळत नाही. गव्हाचं उत्पादन एका जनुकावर ठरत नाही. फुटवे, ओंबीतले दाणे, हजार दाण्यांचं वजन, यांतलं एक वाढलं की बहुधा दुसरं घटतं. त्यात गव्हाच्या पेशीत तीन पूर्वजांकडून आलेल्या गुणसूत्रांच्या २१ जोड्या.

म्हणून संशोधकांनी सी ३०६चा एचयूडब्ल्यू २०६ या वाणाशी संकर केला. त्या संततीतून पिढ्यानपिढ्या स्थिर केलेले वंश अपुऱ्या पाण्यावर वाढवले आणि प्रत्येकाचं उत्पन्न त्याच्या डीएनएशी ताडून पाहिलं. ३बी गुणसूत्राचा एक भाग ताणातल्या उत्पादनाशी जोडलेला निघाला. अशा भागालगतची डीएनएची ओळखू येणारी खूण म्हणजे मार्कर.

पैदासकाराला त्याचा उपयोग रोपावस्थेतच होतो. कोवळ्या पानाचा नखाएवढा तुकडा घ्यायचा, त्यातला डीएनए काढून पीसीआर यंत्रात हवा तो भाग वाढवायचा आणि जेलमध्ये विजेच्या प्रवाहावर सरकवायचा. अतिनील उजेडात पट्टी हव्या जागी दिसली तर रोप ठेवायचं, नाहीतर उपटायचं. ओंबी धरेपर्यंत थांबायला नको. मात्र खूण आणि गुण यांच्यात अंतर असेल, तर पुढच्या पिढीत त्यांची फारकत होऊ शकते. शिवाय एका हवामानातला लाभ दुसऱ्यात दिसेलच असं नाही. चाचणीचे वाफे म्हणून सुटत नाहीत.

राहिला उंचीचा प्रश्न. जपानी नोरिन १० मधून जगभर पसरलेली जनुकं ताट बुटकं करतात, पण कोंबाचं आवरणही आखूड करतात. मग ओल खाली गेली असेल तर बी खोल पेरता येत नाही. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने बन्सी गव्हात आरएचटी१४ आणि आरएचटी१८ या पर्यायी जनुकांची जागा ६ए गुणसूत्रावर निश्चित केली. ती ताट आखूड करतात, कोंब नाही.

बुटकं ताट, लांब कोंब आणि ताण सोसण्याचा गुण एका दाण्यात आणण्याचा बेत आता खुणांच्या आधारे आखता येतो. पण शरबतीला पैसा मिळतो तो पोळीमुळे. नव्या वाणाला शेतानंतर तव्यावरही उतरावं लागेल.