मायक्रोअँपियरची राखण

खालापूरसारख्या टोलनाक्यावर एकामागून एक चिकटून येणाऱ्या गाड्या वेगळ्या मोजायला अवरक्त किरणांचा पडदा वापरता येतो. गाडी आली, किरण तुटला. पण पलीकडच्या फोटोडायोडमधून वाहतो जेमतेम एखादा मायक्रोअँपियर. तो ऑप-अँपच्या ऋण इनपुटला द्यायचा आणि आउटपुटपासून तिथे १ मेगाओहमचा रेझिस्टर जोडायचा. हाती १ व्होल्ट! डायोडच्या स्वतःच्या कपॅसिटन्समुळे सर्किट थरथरू लागतं, म्हणून रेझिस्टरला समांतर काही पिकोफॅरडचा कपॅसिटर लावतात. नवशिके हमखास विसरतात तो हाच.

खरा वैरी ऊन. भर दुपारी ते अँप्लिफायर तुडुंब भरून टाकतं. म्हणून किरण सेकंदाला हजारो वेळा लुकलुकवतात आणि तेवढीच लुकलुक गाळून घेतात. कर्जत-खालापूरच्या पावसाळ्यात तर ओलसर बोर्डावरून पाझरणारा प्रवाहही सिग्नलमध्ये मिसळतो.