कॅमेरा घेताय? थोरला घ्यावा की धाकटा?

भिशीचा नंबर लागला, की त्या पैशांवर घरातल्या प्रत्येकाचा हक्क असतो. मुलाला नवी सायकल हवी असते, सासूबाईंच्या मते सोन्यासारखे दुसरे काही नाही, आणि घरधन्यांना नेमका त्याच महिन्यात स्कूटरचा विमा आठवतो. अशा वेळी एखादीने ‘मला कॅमेरा घ्यायचाय’ म्हटले, की सगळे तिच्या तोंडाकडे बघत राहतात. ‘अगं, हातात फोन आहे की!’

फोन आहे, खरेच. पण नगरला सावेडीत राहणाऱ्या माझ्या ओळखीच्या एका गृहिणीचे ऐका. (सरकारदरबारी २०२४ पासून आपला जिल्हा अहिल्यानगर झाला, जुन्या माणसांच्या तोंडी अजून नगरच येते.) ही बाई गेली काही वर्षे नात्यागोत्यातल्या डोहाळजेवणांचे, बारशांचे फोटो फोनवर काढून देते. फोटो बरे येतात, आणि मुख्य म्हणजे फोटो काढणारी बाई असली की बायका मोकळेपणाने बसतात, ओटी भरताना, बाळाला पाजून झाल्यावर पदर सावरताना अवघडत नाहीत. हळूहळू लोक पाकीट देऊ लागले. आता दोन घरांतून निरोप आलाय, की ‘या, पण खरा कॅमेरा घेऊन या, आम्हाला अल्बम करायचाय.’ भिशीची रक्कम एकच, पुन्हा नंबर लागायला दीड वर्ष. तेव्हा निवड चुकून चालायचे नाही.

दुकानात ‘मिररलेस’ हा शब्द हमखास कानावर पडेल. घाबरू नका. जुन्या मोठ्या कॅमेऱ्यात लेन्सच्या मागे एक आरसा असायचा. बटण दाबले की तो खटकन वर उचलला जायचा. हा आरसा काढून टाकला, म्हणून मिररलेस. आरसा गेला तशी कॅमेऱ्याची जाडी गेली आणि वजनही गेले. डोळा लावून बघता ते आता काचेतून दिसणारे दृश्य नसते, आत बसवलेला छोटासा पडदा असतो. त्याचा फायदा असा, की फोटो काळा येणार की पांढरा फटक, हे बटण दाबण्याआधीच दिसते.

सुरुवातीला घेण्याजोगे म्हणून त्या बाईपुढे दोन कॅमेरे ठेवले गेले. दोन्ही कॅनन कंपनीचे, दोन्ही २०२३ साली आलेले: एक ‘आर-५०’ आणि दुसरा ‘आर-१००’. इथे एक गंमत आहे. आकडा मोठा म्हणजे कॅमेरा मोठा असे आपल्याला वाटते. इथे उलटे आहे. आर-५० हा थोरला आणि महाग, आर-१०० हा धाकटा आणि बऱ्यापैकी स्वस्त. सणासुदीला भाव खालीवर होतात, म्हणून रुपयांचा आकडा इथे छापत नाही. दोन्हींच्या किमतीतला फरक मात्र कागदावर लिहून ठेवा, पुढे तो कामाला येणार आहे.

आधी दोघांत सारखे काय ते पाहू. फोटो दोन्हींचा २४ मेगापिक्सेलचा, म्हणजे २० बाय १३ इंचांची फ्रेम भिंतीवर लावली तरी फुटणार नाही. बॅटरी एकाच जातीची, लेन्सही एकमेकांना चालणाऱ्या. दोघांनाही डोळा लावायची खिडकी आहे, वर उघडणारा छोटा फ्लॅश आहे, आणि फोटो फोनवर पाठवायची सोय आहे. वजनात फरक वीसेक ग्रॅमचा. बरोबर येणारी लेन्स धरून दोन्ही अर्धा किलो साखरेच्या पुडीएवढे भरतात. उन्हात, निश्चल बसलेल्या माणसाचा फोटो दोन्हींनी काढून शेजारी शेजारी ठेवला, तर कुठला कुठल्याचा हे सांगणे कठीण. हे विक्रेता आपणहून सांगेलच असे नाही, बरं का!

ही डोळ्याची खिडकी आपल्याकडे चैनीची गोष्ट समजू नका. निकॉनचा झेड-३०, सोनीचा झेडव्ही-ई१० असे कॅमेरे खिडकीशिवाय येतात. समोर बसून बोलत व्हिडिओ करणाऱ्यांसाठी ते चांगले आहेत. पण एप्रिलच्या दुपारी चांदबीबी महालावर चढून मागच्या पडद्यावर बघा, स्वतःचा चेहराच दिसेल, महाल नाही.

मग थोरल्याचे जादा पैसे कशाचे? पहिले म्हणजे मागच्या पडद्याचे. आर-५०चा पडदा बाहेर काढून हवा तसा फिरवता येतो आणि बोट लावले की तिथे फोकस होतो, अगदी फोनसारखा. आर-१००चा पडदा पाठीला घट्ट चिकटलेला आणि बोटाला दाद न देणारा. सगळे बटणांनी करायचे. फोनची सवय झालेल्या बोटांना पहिले आठ दिवस चुकचुकल्यासारखे होते, नंतर जमते. पण रांगोळीचा किंवा पंचपक्वान्नांच्या ताटाचा वरून फोटो घ्यायचा, तर थोरल्याला हात उंच करून धरले आणि पडदा खाली वळवला की झाले. धाकट्याला स्टूल लागते. आणि रांगत्या बाळाचा फोटो त्याच्या डोळ्यांच्या पातळीवरून घ्यायचा, तर धाकट्यासाठी नऊवारी नेसून पाहुण्यांदेखत फरशीवर पालथे पडावे लागेल! कॅमेऱ्याची परीक्षणे लिहिणारे पुरुष या मुद्द्याला अर्ध्या ओळीत उडवतात.

दुसरे, हलणाऱ्या माणसाचे. चेहरा आणि डोळे ओळखून फोकस धरणे दोघांनाही येते, पण थोरला ते अधिक चिकाटीने करतो, शिवाय मांजर, कुत्रा, गाडी हेही ओळखतो. पळत्या मुलावर फोकस धरत लागोपाठ फोटो घ्यायचे तर धाकटा सेकंदाला साडेतीन घेतो, थोरला १२. तिसरे व्हिडिओचे. ज्याला ‘फोर-के’ म्हणतात तो बारीक तपशिलाचा व्हिडिओ थोरला पूर्ण चौकटीत घेतो. धाकटा त्यात कडेचा बराच भाग कापून टाकतो आणि फोकसलाही अडखळतो. साधा फुल एचडी व्हिडिओ मात्र धाकटाही नीट घेतो.

एवढे वाचून तुम्ही म्हणाल, मग थोरलाच घ्यावा. थांबा. खरा प्रश्न लेन्सचा आहे, आणि नेमका तोच दुकानात कुणी काढत नाही.

दोन्हींबरोबर मिळते ती १८-४५ची छोटी लेन्स. तिच्यावर ‘४.५-६.३’ असा आकडा असतो. हा आकडा म्हणजे लेन्सचे भोक किती उघडते त्याचे माप. आकडा जेवढा लहान, तेवढे भोक मोठे. अंगणात ही लेन्स झकास. पण डोहाळजेवण असते संध्याकाळी, हॉलमध्ये, दोन एलईडी ट्यूबखाली. तिथे लेन्स ४५वर नेली की भोक ६.३वर येते आणि आत उजेड जेमतेम शिरतो. मग कॅमेरा एकतर फोटो हलवतो, नाहीतर रवाळ करतो, नाहीतर तुम्ही फ्लॅश उघडता आणि उत्सवमूर्तीचे नाक चमकते, रेशमी साडी पांढरी पडते, मागच्या भिंतीवर काळीकुट्ट सावली उभी राहते. ‘लेन्समध्ये हात न हलण्याची सोय आहे’ असे सांगतील. ते खरे आहे, पण ती सोय तुमच्या हाताची थरथर सावरते. समोरचे मूल हलले तर ती काय करणार?

यावर उपाय म्हणजे कॅननची ५० मि.मी., एफ १.८ची लेन्स. ती २०२० साली आली, वजन १६० ग्रॅम, आणि कंपनीच्या स्वस्तातल्या लेन्सपैकी आहे. ६.३च्या मानाने १.८ला बारापट उजेड आत येतो. बारापट! शिवाय मागची कपाटे, खुर्च्या, वायरी पुसट होतात आणि चेहरा उठून दिसतो. दोष एकच, तिला झूम नाही आणि या कॅमेऱ्यांवर ती बरीच ‘जवळची’ दिसते. दहा बाय बाराच्या खोलीत सगळा गोतावळा मावायचा नाही, दारात उभे राहावे लागेल. गोतावळ्यासाठी छोटी लेन्स, चेहऱ्यासाठी ही.

आता तो कागद काढा. दोन कॅमेऱ्यांच्या किमतीतल्या फरकात ही ५०ची लेन्स बसते का बघा. बसत असेल, तर माझे मत असे: समारंभाचे फोटो काढून चार पैसे मिळवायचे असतील आणि रक्कम ठरलेली असेल, तर धाकटा कॅमेरा आणि ही लेन्स. सावेडीच्या बाईंना मी हेच सांगितले. नुसता थोरला आणि छोटी लेन्स घेऊन संध्याकाळच्या हॉलमध्ये गेलात, तर महाग कॅमेऱ्याने काढलेले रवाळ फोटो मिळतील. पण घरात दीड-दोन वर्षांचे पळते मूल असेल, किंवा तुम्हाला पाककृतींचे व्हिडिओ करायचे असतील, तर थोरला घ्या आणि लेन्ससाठी पुढच्या भिशीपर्यंत दम धरा. तोवर बारशाचे बाळ खिडकीशी आणा, उजेड एका बाजूने पडू द्या. ही युक्ती फुकट आहे. ट्यूबखाली फोटो काढताना शटरचा वेग १/१०० ठेवून बघा. आपली वीज ५० हर्ट्झची, दिवे सेकंदाला शंभर वेळा लुकलुकतात. त्या वेगाला एक फोटो उजळ आणि पुढचा मंद असा प्रकार कमी होतो.

‘डबल झूम’ म्हणून दोन लेन्सची जोडी पुढे केली जाईल. दुसरी लेन्स ५५-२१०ची. रेहेकुरीच्या अभयारण्यात काळवीट टिपायचे असेल तर ती हवीच, छोट्या लेन्सने काळवीट म्हणजे माळावरचा ठिपका. पण लांबच्या टोकाला तिचे भोक ७.१वर येते, घरात ती कपाटातच पडून राहील. तेव्हा वर्षातून किती वेळा रेहेकुरीला जाता ते आधी स्वतःला विचारा. दिराकडे किंवा भावाकडे कॅननच्या जुन्या आरशाच्या कॅमेऱ्याच्या लेन्स पडून असतील तर त्यांची चौकशी करा. ‘ईएफ’ किंवा ‘ईएफ-एस’ लिहिलेल्या लेन्स एक जोडकडे लावून या दोन्ही कॅमेऱ्यांना चालतात. ‘ईएफ-एम’ लिहिलेल्या चालत नाहीत.

दुकानात जाताना एक मेमरी कार्ड बरोबर न्या. दोन्ही कॅमेऱ्यांत तेच कार्ड घालून दुकानाच्या आतल्या कोपऱ्यात सोबतच्या मैत्रिणीचे फोटो घ्या, ती चालत येत असतानाही घ्या. मग दारात उन्हाकडे तोंड करून एक घ्या. घरी येऊन टीव्हीवर लावून बघा, घरच्यांनाही दाखवा. कुठला कुठल्याचा हे सांगू नका, मजा येते. भाल्यासारखी नखे असतील तर बटणे दाबून बघा, कॅमेरा गळ्यात पाच मिनिटे अडकवून उभ्या राहा. एकेकाळी आगफा क्लिकच्या एका रोलवर १२ फोटो निघायचे आणि बारावा जपून ठेवला जायचा. आता कार्डावर हजारो मावतात, तेव्हा दुकानात पन्नास काढायला संकोच नको.

पुण्याला स्वस्त मिळतो म्हणून १२० किलोमीटर जाण्याआधी नगरच्या दुकानदाराला तो भाव सांगून बघा, बहुतेक वेळा तो थोडा उतरतो. बिल पक्के, जीएसटीसह घ्या. कॅमेऱ्याच्या बुडावरचा नंबर बिलावर आणि वॉरंटी कार्डावर तोच आहे ना, हे तिथेच उभे राहून ताडून बघा. वॉरंटी भारतातली आहे ना आणि दुरुस्तीला कॅमेरा कुठे पाठवतात, हेही विचारा. बिल तुमच्या नावावर करा, घरधन्यांच्या नाही. पुढे कामाचा हिशेब ठेवायची वेळ आली, किंवा कर्जासाठी बँकेत जायची, तर तो कागद तुमचा लागेल.