वर्दीचे दोन महिने, घरचे दहा

‘टीए पर्मनंट आहे का?’

सातारा-सांगलीकडच्या कुठल्याही भरती अकादमीत प्रादेशिक सेनेचा विषय निघाला, की पहिला प्रश्न हाच येतो. मुलगा विचारतो, सोबत आलेला बाप विचारतो, आणि फोनवरून मामाही विचारतो. उत्तर एका शब्दात देता येत नाही, म्हणून घोळ होतो. ‘नाही’ म्हटलं की निम्मी मुलं तिथूनच मागे फिरतात. ‘हो’ म्हणणारे एजंट गावोगाव भेटतात आणि ते पैसे घेऊन पसार होतात. जवानांच्या भरतीला एक रुपयाही द्यावा लागत नाही, हे आधीच सांगून ठेवतो.

टेरिटोरियल आर्मी, म्हणजे बोलण्यातली टीए, ही मुळात दुसऱ्या कामावर पोट भरणाऱ्या नागरिकांची फौज आहे. १९४८ च्या कायद्याने ती उभी राहिली. ९ ऑक्टोबर १९४९ रोजी गव्हर्नर जनरल सी. राजगोपालाचारी यांनी तिचं उद्घाटन केलं आणि आजही हाच दिवस टीएचा स्थापना दिन म्हणून पाळला जातो. अठरा ते बेचाळीस वयाच्या माणसाला तिचं दार उघडं आहे. पायदळाच्या बटालियनमध्ये पहिल्या वर्षी तीस दिवसांचं प्राथमिक प्रशिक्षण आणि दरवर्षी दोन महिन्यांचं वार्षिक प्रशिक्षण, असा मूळ आराखडा. त्या काळात नियमित जवानासारखा पगार मिळतो. उरलेलं वर्ष माणूस आपल्या शेतात, दुकानात, कारखान्यात.

पण देशाला गरज पडली की सगळी बटालियनच सेवेत बोलावली जाते. फौजेच्या भाषेत याला एम्बॉडिमेंट म्हणतात. ती काही महिन्यांची असेल, नाहीतर काही वर्षांचीही. १९६२, १९६५ आणि १९७१ च्या युद्धांत टीएच्या तुकड्या होत्या. श्रीलंकेत होत्या, काश्मीर आणि ईशान्येत तर कायमच असतात. मे २०२५ मध्ये, ऑपरेशन सिंदूरच्या दिवसांत, केंद्राने लष्करप्रमुखांना टीएच्या अधिकाऱ्यांना आणि जवानांना बोलावण्याचे अधिकार दिले. पायदळाच्या बत्तीस बटालियनपैकी चौदा सेवेत घ्यायला त्या वेळी मंजुरी मिळाली. गल्लीतला एखादा टीएवाला सलग पाच-सात वर्षं वर्दीत दिसतो आणि लोकांना वाटतं, हा तर पर्मनंट आहे. तो एम्बॉडी झालेला असतो. गरज संपली की बटालियन त्याला घरी पाठवू शकते. जवानाला पेन्शन हवं तर अशी बोलावलेली सेवा पंधरा वर्षं भरावी लागते. ती भरेल याची हमी कुणी देत नाही.

आपल्या भागाला सगळ्यात जवळची पलटण कोल्हापुरात आहे : १०९ इन्फंट्री बटालियन, मराठा लाइट इन्फंट्री. पुण्यात १०१ आहे, बेळगावात महार रेजिमेंटची ११५. सातारा-सांगलीच्या पोरांची पहिली धाव साहजिकच कोल्हापूरकडे.

वर्षाचा काही काळ हत्यार आणि उरलेला काळ नांगर, ही रीत या मुलखाला नवी नाही. मराठ्यांच्या मोहिमा दसऱ्याला सीमोल्लंघन करून निघायच्या आणि पावसाच्या तोंडावर माणसं पेरणीला घरी परतायची. त्यानंतरचं उदाहरण तर आजोबांच्या पिढीने डोळ्यांनी पाहिलेलं आहे. क्रांतिसिंह नाना पाटलांच्या प्रतिसरकारची तुफान सेना कुंडलच्या परिसरात उभी राहिली ती शेतकऱ्यांच्या, मजुरांच्या पोरांतूनच. जून १९४३ मध्ये शेणोलीजवळ रेल्वे अडवून सरकारी पगाराची रक्कम नेणारी ही मुलं बाकीच्या दिवशी गावात गावकऱ्यांसारखीच राहत होती. त्यांना कुणी पगार दिला नाही, पेन्शनचा तर प्रश्नच नव्हता.

फौजेची ओढ मात्र सगळ्या तालुक्यांत सारखी नाही. कृष्णाकाठी ऊस उभा आहे तिथे एक मुलगा शेतावर थांबला तरी भागतं. माण, खटाव, आटपाडी, जत या दुष्काळी पट्ट्यात ते भागत नाही. खानापूर-विट्याकडच्या घरांनी गलाईचा धंदा धरला आणि सोनं-चांदी गाळायला ती माणसं देशभर पांगली. ज्यांना तो रस्ता नव्हता त्यांनी भरतीची रांग धरली. साताऱ्याजवळच्या अपशिंग्याचं नावच अपशिंगे मिलिटरी पडलं. पहिल्या महायुद्धात या एका गावाचे सेहेचाळीस जवान कामी आले. देशातली पहिली सैनिक शाळा साताऱ्यात निघाली, १९६१ मध्ये. पुढच्याच वर्षी देशाचं संरक्षण खातं देवराष्ट्र्याच्या यशवंतराव चव्हाणांकडे आलं. फौज हा इथे घरातला विषय आहे, आणि म्हणून भरती हुकली की घाव खोल बसतो.

२०२२ मध्ये अग्निपथ योजना आली आणि शिपाई भरतीची वयोमर्यादा साडेसतरा ते एकवीस ठरली. चार वर्षांनंतर चारांतला एक जण राहणार, तिघे परतणार. बाविसाव्या, तेविसाव्या वर्षी हातात पदवी आणि छातीत दम असलेली हजारो मुलं ‘वयात बसत नाही’ या एका ओळीने बाहेर गेली. आज टीएच्या भरतीला जी गर्दी उसळते ती बहुतांशी या मुलांची. ती अर्धवेळ सैनिक व्हायला आलेली नसतात, हुकलेली नोकरी शोधायला आलेली असतात. त्यांना दोष द्यावा असं मला वाटत नाही. पण टीए ज्या पायावर उभी आहे तो पाया म्हणजे घरचा धंदा, आणि तोच नसेल तर पहिल्या दोन महिन्यांनंतर हा मुलगा पुन्हा अकादमीच्या दारात उभा असेल.

आता मरून टोपीकडे येऊ. या मुलांच्या मोबाइलच्या पडद्यावर तीच असते.

पॅराशूट रेजिमेंटची ही टोपी अर्धवेळ सैनिकाला मिळू शकते, हे अनेकांना खरं वाटत नाही. टीएमध्ये पॅराच्या दोन बटालियन आहेत : बेंगळुरूची १०६ आणि आपल्या नाशिकजवळ देवळालीची ११६. महेंद्रसिंग धोनी २०११ मध्ये मानद लेफ्टनंट कर्नल झाला तो यातल्या १०६ मध्ये. पद मानद होतं, उड्या मात्र मानद नव्हत्या. ऑगस्ट २०१५ मध्ये, चौतिसाव्या वर्षी, त्याने आग्र्याच्या पॅराट्रूपर्स ट्रेनिंग स्कूलमध्ये शिकून विमानातून पाच उड्या पूर्ण केल्या आणि मगच त्याच्या छातीवर पंख लागले. २०१९ मध्ये तो याच बटालियनबरोबर पंधरवडाभर काश्मीरमध्ये राहिला.

मराठी मुलखाचं या टोपीशी नातं जुनं आहे. ११ डिसेंबर १९७१ च्या दुपारी पूर्व पाकिस्तानात टांगाईलजवळ उतरलेली २ पॅरा ही मराठा पलटणीतूनच घडलेली. जमालपूरकडून ढाक्याकडे माघार घेणाऱ्या पाकिस्तानी ब्रिगेडची वाट पुंगली पुलावर अडवायची, हे तिचं काम होतं. त्या पुलावर तिला येऊन मिळाली ती १ मराठा लाइट इन्फंट्री. पाचच दिवसांनी ढाक्यात सर्वांत आधी शिरलेल्या भारतीय तुकड्यांत २ पॅरा होती. मला हा प्रसंग प्रत्येक अकादमीत सांगावासा वाटतो, कारण आपली मुलं हा वारसा चित्रपटांत शोधतात आणि तो त्यांच्या आजोबांच्या पलटणीत पडलेला आहे.

उडीत अवघड काय असतं? विमानाच्या दारातून बाहेर पडणं, असं सगळ्यांना वाटतं. ते अवघड आहेच. पण या उडीत पॅराशूट विमानाला अडकवलेल्या पट्ट्याच्या ओढीने आपोआप उघडतं. जवानाच्या हातात उरतं ते नीट बाहेर पडणं आणि नीट जमिनीवर येणं. गोल छत्रीखाली माणूस तरंगत येत नाही, चांगल्या वेगाने खाली येतो. साधारण माणसाच्या उंचीएवढ्या भिंतीवरून उडी टाकावी तेवढा धक्का बसतो, तोही वारा तिरका ढकलत असताना, आणि लढाईत असाल तर अंगावर शस्त्र-सामान असताना. म्हणून आग्र्याला आधी जमिनीवरचं शिक्षण चालतं. पाय जुळवून ठेवायचे, गुडघे किंचित वाकवायचे, आणि धक्का पावलापासून पोटरी, मांडी, कुल्ला, खांदा असा अंगभर वाटून टाकत कुशीवर लोळायचं. एकच पाय आधी टेकला तर घोटा जातो. हे अंगात मुरेपर्यंत घोकून घेतात, कारण रात्रीच्या उडीत जमीन कधी येते ते डोळ्यांना कळत नाही.

आपल्याकडची तालमीतली मुलं इथे पुढे असतात असं मला वाटतं. कुस्तीत आधी पडायला शिकवतात. खाशाबा जाधवांच्या गोळेश्वरच्या आसपास आजही लाल मातीत पोरं लहानपणापासून पडतात, लोळतात, उठतात. मान, खांदे आणि पोटऱ्या या मातीत जशा घडतात तशा जिममध्ये घडत नाहीत.

एक गोष्ट स्पष्ट सांगायला हवी. टीएची पॅरा बटालियन म्हणजे स्पेशल फोर्स नव्हे. स्पेशल फोर्सची बलिदान खूण आणि तिच्याआधीचं जीव काढणारं प्रोबेशन हा पूर्णवेळ सैनिकाचा मार्ग आहे. साताऱ्याजवळच्या पोगरवाडीचे कर्नल संतोष महाडिक या मार्गाने गेले. साताऱ्याच्या सैनिक शाळेतून पुढे २१ पॅरा स्पेशल फोर्स, जी मूळची २१ मराठा लाइट इन्फंट्री. १७ नोव्हेंबर २०१५ रोजी काश्मीरमधल्या कुपवाड्याच्या जंगलात ४१ राष्ट्रीय रायफल्सचं नेतृत्व करताना ते शहीद झाले. त्यांच्या पत्नी स्वाती महाडिक वयाची अट शिथिल करून घेऊन चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण अकादमीत दाखल झाल्या आणि २०१७ मध्ये लष्करात अधिकारी झाल्या. टीएतून थेट कमांडो करून देतो असं सांगणारा कुणी भेटला, तर त्याच्यापासून दूर राहा.

मग अर्धवेळ सैनिकाची कसोटी कुठे लागते? माझं उत्तर : घरच्या दहा महिन्यांत. बराकीत पहाटे उस्ताद उठवतो, परेडला उभं करतो, रगडा देतो. तिथे सगळेच धावतात. घरी उठवणारं कुणी नसतं. तासगावच्या बागायतदाराची ऑक्टोबरात द्राक्षछाटणी असते, त्यानंतर डाउनी रोगाची धास्ती. उसाच्या पट्ट्यात तोड येते तेव्हा रात्र-दिवस कळत नाही. कुपवाडच्या एमआयडीसीत रात्रपाळी करणारा सकाळी सातला घरी येतो. अशा माणसाने पुढच्या शिबिरापर्यंत अंग टिकवायचं आहे, आणि शिबिरात त्याला हत्यार-पिट्ठूसह पाच किलोमीटर धावायचं आहे.

भरतीच्या मैदानाची तयारी या कामाला पुरत नाही. तिथे सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांत मारले, बीमवर दहा पुल-अप्स काढल्या, नऊ फुटांचा खड्डा ओलांडला की मैदान पार होतं. म्हणून अकादम्या सोळाशेवरच मुलांना पिळतात, तेही डांबरी रस्त्यावर. नडगीचं हाड दुखायला लागतं, मुलगा गोळी खाऊन धावतो, हाडाला बारीक चीर जाते आणि वर्ष वाया जातं. पॅरासाठी तर वेगापेक्षा दम, पोटऱ्या आणि गुडघ्याभोवतीचे स्नायू जास्त महत्त्वाचे. आठवड्यातून एक दिवस लांब आणि संथ धाव, एक दिवस चढ, एक दिवस पाठीवर ओझं घेऊन चाल, बाकी दिवस बैठका, जोर, दोरी. आणि एक दिवस सक्तीची विश्रांती. ओझं पाच-सहा किलोपासून सुरू करून महिन्या-महिन्याने वाढवायचं. मैदान शोधायला लांब जायला नको. साताऱ्यात अजिंक्यतारा आणि यवतेश्वरचा घाट आहे, मिरजेकडे दंडोबा, कडेगाव-पलूसकडे सागरेश्वर. शेतातल्या कामाने आपोआप फिटनेस राहतो हा समजही सोडून द्या. फवारणीचा पंप पाठीवर घेऊन दिवसभर हिंडणारा दणकट असतो, पण त्याची पाठ एकाच बाजूने राबलेली असते आणि धावायला लागला की तीच आधी बोलते.

दुसरी तयारी कागदांची, आणि तिच्याकडे कुणीच लक्ष देत नाही. टीएच्या कायद्यातच तरतूद आहे, की सैनिकी सेवेसाठी बोलावलेल्या कामगाराला परतल्यावर मालकाने कामावर पुन्हा घ्यायचं. हे मालकाची कृपा म्हणून नाही, कायद्याचं बंधन म्हणून. तरीही दोन महिन्यांची रजा मागायला मुलं घाबरतात, कारण सुपरवायझरला टीए म्हणजे काय हेच माहीत नसतं. काही जण राजीनामा देऊनच शिबिराला जातात. ज्या फौजेची अट अशी की आधी आपल्या पायावर उभे राहा, तिच्यासाठी हातची नोकरी सोडणं हे उलटंच झालं.

पदवीधर आणि नोकरी-धंद्यात स्थिर असलेल्यांसाठी अधिकारीपदाची वाट आहे : लेखी परीक्षा, मुलाखत, मग सेवा निवड मंडळाची (एसएसबी) चाचणी आणि वैद्यकीय तपासणी. मुलींनाही ती खुली आहे. आपल्याकडून त्या वाटेने फार थोडे जातात. शिक्षक, इंजिनीअर, बँकेतले कर्मचारी यांनी जाहिरात नीट वाचली तर चित्र बदलेल.

आपल्या दोन जिल्ह्यांत साखर कारखाने आहेत, सूतगिरण्या, दूध संघ, पतसंस्था, शिक्षण संस्था आहेत. यातल्या बहुतेकांच्या कार्यक्रमांत जवानाच्या सत्काराची शाल ठरलेली असते. त्यांनी आपल्या रजेच्या नियमांत टीएच्या प्रशिक्षणासाठी एक कलम घालावं, आणि कामगार शिबिराला गेला की त्याची जागा राखून ठेवल्याचं पत्र त्याच्या हाती द्यावं. ते पत्र खिशात असेल तर कोल्हापूरच्या किंवा देवळालीच्या मैदानावर उतरणारा मुलगा ‘पर्मनंट आहे का’ हे विचारणार नाही.