सेलूचं शहर कोणी केलं?

जनगणनेची घरयादी आली आणि ‘निम्मा महाराष्ट्र शहरी झाला का?’ या चर्चेला पुन्हा ऊत आला. वर्धा जिल्ह्यातल्या सेलूपुरता (परभणीचं सेलू वेगळं) हा निकाल कधीच लागलेला आहे. गेल्या दशकाच्या मध्याला राज्य सरकारने तालुक्याच्या ठिकाणच्या ग्रामपंचायतींच्या नगरपंचायती केल्या. त्या सपाट्यात सेलू, समुद्रपूर, कारंजा आणि आष्टी ‘नागरी’ झाली. सरपंच गेले, नगराध्यक्ष आले, 17 प्रभाग पडले. कपाशीचं शिवार होतं तिथेच राहिलं.

अशा घोषित शहराला जनगणना पुढे काहीच विचारत नाही. कसोट्या लागतात त्या ग्रामपंचायतीच्या गावांना. लोकसंख्या किमान 5,000, घनता चौरस किलोमीटरला किमान 400 आणि काम करणाऱ्या पुरुषांपैकी किमान 75 टक्के शेतीबाहेर. पुरुषांपैकी, बरं का! विदर्भात कापसाची वेचणी मुख्यतः बायाच करतात. त्यांचं काम या हिशेबात धरलंच जात नाही. कसोटीला उतरलेलं गाव ‘जनगणना शहर’ म्हणून नोंदवलं जातं, पण तिथला कारभार ग्रामपंचायतच हाकते.

देशभरात अशी शहरं 2001 मध्ये 1,362 होती, 2011 मध्ये 3,894 झाली. दिल्लीच्या सेंटर फॉर पॉलिसी रिसर्चमधल्या कान्हू चरण प्रधान यांनी 2013 मध्ये ‘इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली’त यातून एक आकडा काढला: त्या दशकातल्या नागरी लोकसंख्यावाढीचा सुमारे 30 टक्के वाटा या नव्या जनगणना शहरांचा. हा आकडा चांगलाच गाजला. त्याच नियतकालिकात वर्षभर आधी एरिक डेनिस, मारी-हेलेन झेरा आणि पार्थ मुखोपाध्याय यांनी मांडलं होतं की लहान शहरं महानगरांच्या सावलीतच वाढतात असं नाही, ती स्वतःच्या बळावरही उभी राहतात. पुढे 2016 मध्ये केंद्राने राज्यांना पत्र लिहून 3,784 जनगणना शहरांत नागरी स्वराज्य संस्था स्थापन करायला सांगितलं. संशोधनाचा आणि त्या पत्राचा थेट धागा जोडणं धाडसाचं ठरेल. मंत्रालयांना टक्केवारीची भाषा लवकर कळते, एवढं मात्र खरं.

सेलूला अधिक उपयोगी पडेल असा अभ्यासक याहून कितीतरी जुना आणि मराठी आहे. सी. डी. देशपांडे यांनी 1941 मध्ये मुंबई कर्नाटकातली, म्हणजे बेळगाव, धारवाड, विजापूर, कारवारकडची, बाजाराची गावं आणि ठरावीक काळाने भरणाऱ्या जत्रा यांवर लेख लिहिला. त्या वाटेने गेलं की गावाचं मोठेपण तिथे रात्री किती माणसं निजतात यावर ठरत नाही. बाजाराच्या दिवशी किती गावांची माणसं येतात यावर ठरतं. याच धर्तीचा, जर्मन भूगोलज्ञ वॉल्टर ख्रिस्टालर यांचा मध्यवर्ती स्थानांचा सिद्धान्त 1933 चा, म्हणजे तेव्हा अवघा आठ वर्षांचा. चीनमधल्या बाजारगावांवर विल्यम स्किनर यांनी केलेलं काम जगभर गाजलं ते 1964-65 मध्ये. आपल्या विद्यार्थ्यांच्या वहीत ख्रिस्टालरच्या सिद्धान्तातले षटकोन असतात आणि देशपांडे संदर्भसूचीत. वास्तविक देशपांडे तिथेच थांबले नव्हते. महाराष्ट्राच्या भूगोलावरचं त्यांचं पुस्तक 1971 चं. मुंबईसारखं महानगर तेव्हाच्या कुलाबा जिल्ह्याच्या दक्षिण भागातल्या खेड्यांवर काय परिणाम करतं, याचा अभ्यास त्यांनी सहकाऱ्यांसह 1980 मध्ये प्रसिद्ध केला.

बाजाराचा हा चष्मा लावून सेलू तालुक्याकडे पाहिलं की गंमत कळते. तहसील कचेरी सेलूला, पण रेल्वेचं नाव जोडलेलं गाव सिंदी आणि जुनी नगर परिषदही तिचीच. रेल्वेमार्गावर ‘सेलू रोड’ स्थानक आहे. त्या ‘रोड’चा अर्थ गाव अजून लांब आहे. कापसाच्या रोजच्या भावपत्रकात ‘सिंदी (सेलू)’ असं एकत्रच छापलं जातं. मोठी खरेदी वर्ध्याला, कारखान्यातली नोकरी बुटीबोरीला. यातलं शहर नेमकं कोणतं? नगरपंचायतीच्या हद्दीत बोट ठेवून याचं उत्तर मिळणार नाही.

त्यात आता रस्ते ही मांडणी हलवत आहेत. समृद्धी महामार्गाचा नागपूर-शिर्डी टप्पा 11 डिसेंबर 2022 ला खुला झाला, जून 2025 मध्ये सगळा 701 किलोमीटरचा रस्ता पूर्ण झाला. वर्ध्यासाठी चढायची-उतरायची जागा येळाकेळीला. सिंदीजवळच्या ड्रायपोर्टचं भूमिपूजन 2017 चं. महामार्गांलगतच्या शेतजमिनींचं शहर कसं होतं, यावर साई बालकृष्णन यांचं ‘शेअरहोल्डर सिटीज’ हे 2019 चं पुस्तक महत्त्वाचं आहे. पण त्यातली मुख्य उदाहरणं मगरपट्टा, खेड आणि लवासा. सगळी पुण्याच्या आसपासची! विदर्भाच्या वाट्याला अभ्यासकही उशिराच येतात.

खरं तर सेलूच्या बाजारात हंगामभर वही घेऊन बसलं, कोण कुठल्या गावाहून आलं आणि काय घेऊन गेलं हे टिपलं, तर नागपूर विद्यापीठाच्या एखाद्या विद्यार्थ्याचा चांगला प्रबंध होईल. जनगणनेकडून ती अपेक्षा नको. 2011 मध्ये शेतीबाहेरच्या कामगारांना कामावर किती लांब आणि कशाने जाता, हे विचारलं होतं; बुटीबोरीला जाणारा सेलूचा तरुण त्यात सापडतो. आसपासच्या खेड्यातून सेलूला बाजार करायला येणारी बाई सापडत नाही. घरयादीत स्वयंपाकाचं इंधन, शौचालय, इंटरनेट यांची चौकशी असते. आठवड्याचा बाजार कुठे करता, हा रकाना नाही.