शेवटच्या टप्प्याला दोन सुइणी

स्टॉकहोम : सरळ चाललेल्या बाळंतपणात इथे डॉक्टर सहसा खोलीत येतच नाही. कळांपासून नाळ कापेपर्यंत सगळं सुईण बघते. ती आधी नर्स होते, मग आणखी दीड वर्ष शिकते. हा मान जुना आहे. स्टॉकहोमच्या सुइणींसाठी १७११ मध्ये नियमावली झाली आणि १८२९ मध्ये तर गरज पडली तर चिमटा लावायची मुभाही त्यांना मिळाली, कारण गावोगावी डॉक्टर नव्हते. त्यामुळे बाळंतिणीला होणाऱ्या जखमांचा प्रश्नही इथे सुइणींनीच धसाला लावला.

डोकं बाहेर येताना थोडं फाटणं, चार टाके पडणं हे बहुतेक पहिलटकरणींच्या नशिबी असतं. ते भरूनही येतं. घोर असतो तो गुदद्वाराचा स्नायू फाटण्याचा. तो नीट शिवला गेला नाही तर पुढे वारा धरवत नाही, शौच धरवत नाही, आणि आपल्याकडच्या कितीतरी बायका हे सख्ख्या बहिणीलाही सांगत नाहीत. स्वीडनमध्ये अशा जखमांची राष्ट्रीय नोंदवही २०१४ पासून आहे. आठ आठवड्यांनी आणि पुन्हा वर्षाने बाईला प्रश्नावली जाते. विचारलं गेलं की सांगता येतं, म्हणून मला या देशाची ही सवय फार मोलाची वाटते.

आता कुठल्या स्थितीत बाळंत व्हावं, हा वाद. स्टॉकहोम-गॉटलंड भागातल्या लाखाहून अधिक प्रसूतींच्या नोंदींवरचा अभ्यास २०१५ मध्ये आला. पाय वर बांधून उताणं झोपवलेल्या बायकांमध्ये खोल जखमा जास्त दिसल्या. अर्थात अवघड बाळंतपणं बरेचदा त्याच स्थितीत होतात, हे धरून चालावं लागतं. पहिलटकरणींना कुशीवर झोपणं थोडं फायद्याचं ठरलं. पण उकिडवं बसणं किंवा प्रसूतीचं बुटकं स्टूल ज्यांनी वापरलं, त्यांच्यापैकी आधी बाळंत झालेल्या बायकांमध्ये धोका वाढलेला दिसला. उभं राहा, बसा, म्हणजे सगळं सुरळीत होईल, असं ठामपणे सांगणाऱ्यांनी हे लक्षात घ्यावं.

मग हाती काय उरतं? गर्भवतींच्या एका वर्गात सुईण शेवटचा टप्पा कसा सांभाळायचा ते दाखवत होती. कापडी बाहुलीचं डोकं तिने प्लास्टिकच्या कटिभागातून हळूहळू सरकवलं. एक हात डोक्यावर, ते सुसाट येऊ नये म्हणून. दुसरा खालच्या कातडीला आधार देत. मग गरम पाण्यात बुडवून पिळलेला रुमाल दाबून धरला. "आता जोर लावायचा नाही. तोंड उघडं ठेवून छोटे छोटे श्वास," ती म्हणाली. तिच्या बोलण्यात स्थितीपेक्षा वेगाचा उल्लेख जास्त होता.

त्याच विचाराचा प्रयोग पाच प्रसूतिगृहांत झाला. पहिल्यांदाच खालून बाळंत होणाऱ्या तीन हजारांहून अधिक बायकांचे निकाल त्यात तपासले गेले. निम्म्यांना शेवटच्या टप्प्यात नेहमीची एक सुईण, निम्म्यांना मदतीला दुसरी. खोल जखमा एकीच्या हाताखाली ५.७ टक्के, दोघींच्या ३.९ टक्के. २०२२ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये हे छापून आलं. औषध नाही, यंत्र नाही. नुसते आणखी दोन डोळे आणि दोन हात.

बाळाला वाट मोकळी व्हावी म्हणून खाली चीर देण्याबाबतही आंधळी भूमिका नाही. आपल्याकडे पहिलटकरणीला सर्रास चीर दिली जाते, इथे ती क्वचितच. पण व्हॅक्यूम लावून पहिलं बाळ काढावं लागलं, तर बाजूला दिलेली चीर खोल जखमा १३ टक्क्यांवरून ६ टक्क्यांवर आणते, असं २०२४ मधल्या स्वीडिश चाचणीतच आढळलं. म्हणजे कधी द्यायची आणि कधी नाही, हे इथे तपासून ठरवतात.

हे कौतुक मनापासून आहे, म्हणूनच एक राग सांगतो. दुसरी सुईण आणायची तर आधी पहिली तरी पुरेशी हवी. उत्तरेतल्या सोलेफ्टेओचं प्रसूतिगृह २०१७ च्या सुरुवातीला बंद केलं. पुढचं रुग्णालय शंभर किलोमीटरच्या आसपास आणि हिवाळ्यात रस्त्यावर बर्फ. तेव्हा तिथल्या सुइणींनी जोडप्यांसाठी वर्ग भरवले, विषय होता गाडीत बाळंतपण कसं करावं. जखमा कमी करण्यावर उत्तम संशोधन करणाऱ्या देशात बायकांना मोटारीच्या मागच्या सीटवर बाळंत व्हायची तयारी करावी लागते, हे मला पटत नाही. इथल्या सुइणींनाही पटत नाही, आणि त्यांनी ते रस्त्यावर उतरून सांगितलं आहे.