गवत कापणाऱ्या गाडीची घरगुती दुरुस्ती

अमेरिकेतील उपनगरांत घराभोवती विस्तीर्ण हिरवळ राखण्याची प्रथा आहे. गवत वाढीस लागले म्हणजे ही हिरवळ बहुधा दर आठवड्याला कापावी लागते. जागा मोठी असली की हाताने ढकलण्याचे यंत्र पुरे पडत नाही. मग घरमालक आसन, स्टिअरिंग आणि पेट्रोलचे एंजिन असलेली छोटी गाडीच विकत घेतो. तिच्या पोटाखाली फिरणारी पाती गवत कापीत जातात. १८३० साली इंग्लंडातील एडविन बडिंग यांनी कापडाची लव कातरणाऱ्या यंत्रावरून गवत कापण्याचे यंत्र बनविले. ही गाडी त्याच वंशातील. तेथे स्थायिक झालेल्या मराठी कुटुंबांनाही आता तिचा परिचय आहे.

ही गाडी बहुधा वसंतात, गवत जोमाने वाढू लागले की, अडून बसते. त्याच सुमारास सर्वांच्याच गाड्या अडत असल्यामुळे कारागिराकडे रीघ लागते. शिवाय गाडी तेथवर नेण्यास ट्रेलर हवा आणि मजुरीही भारी. म्हणून पुष्कळ घरमालक स्वतःच हत्यारे हाती घेतात. त्यांत अवघड असे फारसे नाही. कारण बरेचसे बिघाड हेळसांडीतून झालेले असतात.

दोष शोधताना क्रम सोडू नये. किल्ली फिरविताच नुसता टकटक आवाज आला, तर बॅटरी उतरली असावी किंवा तिच्या टोकांवर गंज चढला असावा. टोके घासताना ऋण टोकाची तार आधी सोडवावी व शेवटी जोडावी. एंजिन फिरते पण पेट घेत नाही, तेव्हा संशय पेट्रोलचा घ्यावा. हिवाळाभर टाकीत राहिलेले पेट्रोल शिळे होते आणि कार्बोरेटरच्या बारीक छिद्रांत चिकट थर धरते. त्यात मिसळलेले इथेनॉल ओलही शोषून घेते. जुने पेट्रोल काढून ताजे भरावे आणि कार्बोरेटर साफ करावा. त्याबरोबरच हवेचा फिल्टर व स्पार्क प्लग पाहावेत.

पाते बोथट झाले म्हणजे गवत कापले न जाता फाटते व शेंडे करपतात. धार लावल्यावर पाते मधल्या छिद्रातून खिळ्यावर टांगावे. जी बाजू खाली झुकेल ती थोडी अधिक घासावी. तोल गेलेले पाते गाडीला हादरे देते आणि बेअरिंग झिजविते.

पात्याला हात लावण्यापूर्वी एंजिन थंड असावे, किल्ली काढलेली असावी आणि स्पार्क प्लगची तार सोडविलेली असावी. केवळ जॅकवर उचललेल्या गाडीखाली हात किंवा डोके घालू नये. भक्कम आधार द्यावा. बंद गॅरेजमध्ये एंजिन चालवू नये. धुरातील कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, पण तो प्राण घेतो.

सर्वांत महत्त्वाची गोष्ट आसनाखाली असते. पाती फिरत असताना चालक उठला, तर एंजिन किंवा पाती बंद पडावीत म्हणून तेथे एक लहानसा स्विच बसविलेला असतो. तो बिघडला म्हणजे निर्दोष एंजिनही मध्येच बंद पडते. काही हौशी कारागीर अशा वेळी तारा परस्पर जोडून टाकतात. गाडी तत्काळ चालू लागते. परंतु चालक उतारावर घसरून पडला, किंवा एखादे मूल धावत आले म्हणून घाईने खाली उतरला, तरी पाती फिरतच राहतात. अशा गाड्यांखाली सापडून लहान मुलांचे पाय कायमचे जायबंदी झाल्याचे प्रसंग अमेरिकेत घडले आहेत. वस्तुतः हा स्विच फार महाग नसतो आणि पुष्कळ गाड्यांत तो घरच्या घरी बदलता येतो.

नवा स्विच बसविल्यावर मोकळ्या जागी, आसपास कोणी नसताना, पाती चालू करून चालकाने आसनावरून किंचित उठून पाहावे. एंजिन किंवा पाती लगेच बंद पडू लागली, तरच ती दुरुस्ती पुरी झाली असे समजावे.